दोन चित्रांच्या मधे

एकदा एका फुटबॉलवेड्या गावात एक तरुण पंच होता आणि त्याला चूक सहन होत नसे. स्वतःची तर नाहीच, पण दुसऱ्याचीही नाही. त्या गावात पेठेपेठेला तालीम होती, तालमीतालमीला फुटबॉलचा संघ होता, आणि हंगाम सुरू झाला की लोक लग्नाच्या तारखासुद्धा सामने बघून काढत. अशा गावात पंच होणं म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या खायला स्वतःहून पानावर जाऊन बसणं. तरीही हा तरुण पंच झाला होता. त्याचं नाव सुयोग. शहरातून अभियंता होऊन परतला होता आणि गावात न्याय आणायची त्याला भयंकर घाई होती.

त्याला पंचगिरी शिकवली ती वस्तादांनी. वस्ताद गावातले सर्वांत जुने पंच. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. त्यांनी सुयोगला शिट्टी कधी वाजवायची हे शिकवलं, आणि कधी वाजवायची नाही हे त्याहून जास्त शिकवलं. रेषेवर निशाण घेऊन उभं राहायला लागल्यावर त्यांनी त्याच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती, "नजर रेषेवर, कान चेंडूवर."

यात गूढ काही नव्हतं. ऑफसाइडचा नियम असा की पुढच्या माणसाकडे चेंडू मारला जातो त्या क्षणी तो माणूस समोरच्या संघाच्या शेवटच्या बचावपटूच्या पुढे गेलेला नसावा. गोलकीपर यात धरायचा नाही. आता चेंडू मारणारा मैदानाच्या एका टोकाला, धावणारा दुसऱ्या टोकाला. माणसाचे डोळे दोन्हीकडे एकदम बघू शकत नाहीत. म्हणून रेषेवरचा पंच डोळे धावणाऱ्यावर ठेवतो आणि चेंडूला पाय लागल्याचा आवाज कानानं टिपतो. 'थड' ऐकू आलं की त्या क्षणी डोळ्यांसमोर जे असेल, ते खरं.

सुयोगला हे शास्त्र मागासलेलं वाटे. डोळे आणि कान यांच्या भरवशावर एवढ्या मोठ्या स्पर्धेचा निकाल? त्यानं गावातल्या एका भुसार व्यापाऱ्याला गाठलं. या शेठजींना फुटबॉलमधलं फारसं कळत नसे, पण मैदानावर आपल्या नावाचा फलक लागलेला त्यांना आवडे. सुयोगनं त्यांच्याकडून कॅमेरे मिळवले, ते गॅलरीच्या छतावर बसवले आणि स्पर्धा समितीच्या बैठकीत उभा राहून सांगितलं, "माणूस चुकतो. कॅमेरा चुकत नाही. यापुढे या गावात गोलवरून भांडण होणार नाही, हा माझा शब्द."

त्यानं नियमावलीत वाक्यही घालून घेतलं. वादाच्या प्रसंगी कॅमेरा सांगेल तो निकाल अंतिम. टाळ्या पडल्या. वस्ताद कोपऱ्यात चहा पीत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "त्यानं सांगितलं तर बरंच आहे."

तरुण पोरं हसली. सुयोगही हसला. म्हाताऱ्यांना नवं काही नको असतं, असं त्याला वाटलं, आणि त्या दिवशी तरी त्याला वस्तादांची थोडी कीवच आली.

मग अंतिम सामना आला. घाट तालीम विरुद्ध चावडी तालीम. ही दोन नावं एका दमात घेतली तरी गावात चार डोकी फिरत. गॅलरी भरली, भिंती भरल्या, मैदानालगतच्या घरांच्या गच्च्या भरल्या. घाट तालमीची हलगी सुयोगच्या अगदी पाठीमागे कडकडत होती. चावडी तालीम एका गोलनं पुढे होती आणि सामना संपत आला होता. इतक्यात घाट तालमीच्या एका खेळाडूनं मध्यातून लांब चेंडू मारला, त्यांचा आघाडीचा खेळाडू रणधीर बचावफळी फोडून सुसाट निघाला, आणि त्यानं चेंडू जाळ्यात ठोकला. बरोबरी!

पण सुयोगचं निशाण वर गेलेलं होतं.

गोल रद्द झाला आणि मग जे झालं त्याला सामना म्हणता येत नाही. लोक आत घुसले. रणधीर सुयोगच्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडत होता, "मी मागं होतो! आईशप्पथ मागं होतो!" कुणी म्हणालं खुर्च्या मोडा, कुणी म्हणालं कॅमेरा बघा. अखेर मुख्य पंचांनी हात वर करून सांगितलं की उद्या दिवेलागणीला याच मैदानावर कॅमेऱ्याचा निकाल सर्वांसमोर सांगितला जाईल, आणि तोवर चषक समितीच्या कपाटात राहील. "कॅमेरा कुणाच्या बापाचा नाही!" घाट तालमीचा एकजण ओरडला. "तुझ्याही बापाचा नाही!" चावडीचा ओरडला. या एका मुद्द्यावर मात्र दोन्ही तालमींचं एकमत होतं.

सुयोगच्या मनात मात्र एक काटा रुतला होता. त्यानं निशाण वर केलं तेव्हा रणधीर पुढे दिसला होता, हे खरं. पण 'थड' ऐकू आलं नव्हतं. हलगीनं कान भरले होते. चेंडू कधी मारला गेला हे त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून, अंदाजानं कळलं होतं. त्यानं स्वतःला समजावलं, हरकत नाही, कॅमेरा आहे. कॅमेऱ्यासमोर हलगीचं काही चालत नाही.

सकाळी तो समितीच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला. चित्रफीत पुढे नेली, मागे आणली, थांबवली. एकेक चित्र पुढे सरकवत नेमक्या जागी आला आणि त्याचा हात थबकला.

पहिल्या चित्रात मारणाऱ्याचा बूट चेंडूपासून बोटभर लांब होता. अजून लागलेला नव्हता. आणि तिकडे रणधीरचा खांदा बचावपटूच्या खांद्याशी अगदी एका रेषेत होता. म्हणजे ऑफसाइड नाही. लगेच पुढच्या चित्रात चेंडू बुटाखाली दबून चपटा झालेला होता. लागून झालेला होता. आणि रणधीर हातभर पुढे होता, कारण तो गोलकडे झेपावत होता आणि बचावपटू त्याच वेळी उलट्या दिशेनं पुढे सरसावत होता. म्हणजे ऑफसाइड.

आणि नियम सांगत होता, चेंडूला पहिला स्पर्श झाला तो क्षण धरा.

तो क्षण पहिल्या चित्रात नव्हता. दुसऱ्यात तो होऊन गेलेला होता. आणि दोन्हींच्या मधे काही नव्हतं. तेवढ्यात कॅमेऱ्यानं पापणी मिटली होती.

सुयोगनं चित्र मोठं केलं, तर रणधीरचा खांदा चौकोनाचौकोनांत विरघळला. पडद्यावर रेघ मारून पाहिली, तर रेघच खांद्याच्या शिवणीपेक्षा जाड निघाली. बारीक रेघ मारली, तर ती नेमकी कुठे टेकवायची ते कळेना. खांदा कुठे संपतो आणि धावण्यानं फरफटलेला रंग कुठे सुरू होतो? आवाज ऐकून पाहिला. आवाजात हलगी होती. दुसरा कॅमेरा तपासला. त्याच्यासमोर नेमका मुख्य पंच आडवा आला होता. सुयोग उठला, खिडकीशी गेला, परत बसला, पुन्हा उठला. समोरचा चहा थंड होऊन त्यावर साय धरली.

इतक्यात शेठजी आत आले. "निघाला का निकाल?"

"शेठजी, इथे दोन चित्रं आहेत," सुयोग म्हणाला, आणि त्यानं सगळं समजावून सांगितलं.

शेठजींनी मान पुढे काढून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. "हे दाखवा."

"पण पहिलंही..."

"पहिलं कशाला? यात तुमचं निशाणही खरं ठरतं आणि माझा कॅमेराही खरा ठरतो. सगळे सुखी."

"आणि घाट तालीम?"

"ती कधी सुखी होती?" शेठजी हसले. मग खुर्ची ओढून जवळ बसले आणि आवाज उतरवला. "हे बघा पंच, चित्र खोटं आहे का? नाही. तुम्ही त्यात काही खाडाखोड केली का? नाही. मग पाप कसलं? लोकांना उत्तर हवंय, गणित नकोय. तुम्हीच शब्द दिला होता ना, भांडण होणार नाही म्हणून? माझ्या दुकानात मी गिऱ्हाइकाला दोन तराजू दाखवत बसलो, तर संध्याकाळपर्यंत माशा मारीन."

शेठजी गेले. पण त्यांचं बोट जणू पडद्यावरच राहिलं. कारण खरोखर, ते चित्र खोटं नव्हतं. ते एकटं दाखवलं असतं तर कुणालाही शंका आली नसती. सुयोगनं ते निवडलं, बाजूला ठेवलं, पुन्हा निवडलं. मग लॅपटॉप मिटून काखेत मारला आणि तो तडक बाहेर पडला.

वाटेत चहाच्या गाडीवरून हाक आली, "काय पंच, कॅमेऱ्याला चष्मा लागला काय?" दुसरा म्हणाला, "डोळे तपासायला नेलाय रे, काखेत घालून!" सुयोग चालत राहिला. एरवी त्यानं उभं राहून नियम समजावून सांगितला असता. आज त्याच्याकडे सांगण्यासारखा नियमच नव्हता.

वस्ताद मैदानावर होते. शाळेच्या पोरांचे सामने होते म्हणून त्यांनी घमेल्यात फक्की घेतली होती आणि वाकून, हातानं, गोलसमोरची चुन्याची रेघ ओढत होते. ऊन डोक्यावर आलं होतं.

"वस्ताद, काल ऑफसाइड होता का?" सुयोगनं रामराम न करताच विचारलं.

"मला काय ठाऊक? मी पलीकडच्या गोलमागं बसलो होतो. तिथनं काय दिसणार?" वस्तादांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "काल मैदानावर असा मी एकटाच होतो बघ. बाकी अख्ख्या गावाला दिसलं."

"चेष्टा करू नका. मला संध्याकाळी निकाल सांगायचाय." आणि सुयोगनं रेघेच्या कडेला बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, पहिलं चित्र दाखवलं, दुसरं दाखवलं, मधली पोकळी दाखवली. बोलताना त्याचा पाय सारखा हलत होता. "हा कॅमेरा हळू आहे, बस्स. एवढाच घोटाळा आहे. याहून जलद कॅमेरे मिळतात. या दोन चित्रांच्या मधे दहा चित्रं काढणारे मिळतात. शेठजींना सांगून पुढच्या वर्षी..."

"आण की," वस्ताद म्हणाले. "चांगला आण. मग पोकळी अशी हातभर राहायची नाही. बोटभर होईल. आणि बोटभर झाली की गाव बोटावरनं भांडेल. त्याहून भारी आणलास तर नखावरनं भांडेल. भांडण काय लहान होतंय थोडंच."

"पण कुठेतरी खरा क्षण असेलच ना! चेंडूला पाय लागला, तो क्षण! तो आहे, फक्त सापडत नाहीये!"

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग घमेल्यातल्या उरलेल्या फक्कीत बाटलीतलं पाणी ओतलं आणि बोटांनी कालवून घट्ट चुना केला. "पाय पुढं कर."

"काय?"

"पाय. उजवा."

सुयोगनं पाय पुढे केला आणि वस्तादांनी मूठभर ओला चुना त्याच्या बुटाच्या वरच्या अंगाला थापला.

"अहो वस्ताद! नवे आहेत!"

"म्हणून तर. जुन्यावर माती असती, चुना धरत नाही." त्यांनी गोलमध्ये पडलेला एक चेंडू पायानं ओढून आणला, सदऱ्याच्या टोकानं स्वच्छ पुसला आणि सुयोगसमोर ठेवला. समोर गॅलरीची दगडी भिंत होती. "मार."

"वस्ताद, माझ्याकडे वेळ नाहीये..."

"मग लवकर मार की लेका."

सुयोगनं मारला. सकाळपासूनचा सगळा संताप त्या पायात होता. चेंडू भिंतीवर दणकन आदळला आणि उसळून परत आला. वस्तादांनी तो अडवला, दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि त्याच्यासमोर धरला. चेंडूवर पांढरा डाग उमटला होता. तळहाताएवढा. मधे दाट, कडांना विरळ.

"आता सांग. पहिला स्पर्श कुठं झाला?"

सुयोगनं डागाच्या मधोमध बोट ठेवलं. "इथे."

"इथं चुना दाट आहे. म्हणजे इथं जोर बसला. मी विचारलं, पहिला कुठं लागला?"

सुयोगनं बोट कडेला नेलं.

"कुठल्या कडेला?"

सुयोगनं चेंडू हातात घेतला. फिरवून पाहिला. एका बाजूची कड थोडी फिसकटलेली होती. ती पहिली, की चेंडू सुटतानाची शेवटची? "नाही सांगता येत," तो म्हणाला.

"का? बूट तुझा, पाय तुझा, मारलास तू. तुझ्याहून जवळ कोण होतं?"

सुयोगनं डागाच्या कडेवरून पुन्हा बोट फिरवलं.

वस्ताद रेघेपलीकडे गवतावर बसले. "आपण बोलताना म्हणतो, चेंडू मारला तो क्षण. जसा काय तो सुईचं टोक आहे. तसा तो नसतो. त्याला रुंदी असते. या डागाला आहे. त्या फक्कीच्या रेघेला आहे. धावणाऱ्या माणसाच्या खांद्यालाही आहे. आता जे या रुंदीच्या बाहेर घडतं ना, ते तुझा कॅमेरा सांगेल, आणि माझ्याहून शंभरपट चांगलं सांगेल. चार हात पुढं असलेला गडी तो सोडायचा नाही. म्हणून तो असूच दे. पण रुंदीच्या आतलं विचारलंस की तो गप्प बसतो. गप्प बसतो हा त्याचा दोष नाही. त्याच्या तोंडून वदवून घेतलंस, तर तो तुझा दोष."

"मग आत कोण सांगणार?"

"पंच."

"त्याला जास्त दिसतं म्हणून?"

"छे! कमीच दिसतं. पण त्याला विचारता येतं. त्याच्या अंगावर धावून जाता येतं. आणि पुढच्या सामन्याला तो परत त्याच रेषेवर येऊन उभा राहतो. कॅमेऱ्याला कसली लाज? चुकला म्हणून घरी त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असं होतंय काय?" वस्तादांनी चेंडू परत घेतला. "आणि हा नियम कशाला केला, ते तरी ध्यानात ठेव. कुणी गोलच्या तोंडाशी ठाण मांडून फुकटचा गोल मारू नये, म्हणून केला. पोरांच्या खांद्याच्या शिवणी मोजायला नव्हे."

"मग संध्याकाळी मी काय सांगू?"

पण वस्तादांनी घमेलं उचललं होतं. "माझी रेघ राहिलीय," ते म्हणाले, आणि वाकले.

दुपारभर सुयोगला चैन पडलं नाही. वस्तादांचं म्हणणं त्याला पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच तो अस्वस्थ होता. शेठजींचं चित्र दाखवलं तर त्याचा शब्द राहत होता, निशाण राहत होतं, कॅमेरे राहत होते. आणि नाही दाखवलं तर? सगळ्या गावासमोर उभं राहून म्हणायचं, मी सांगितलं होतं तसं नाहीये? ज्या पोरांनी टाळ्या वाजवल्या तीच आता शिट्ट्या वाजवणार. पुन्हा कुणी आपल्या हातात निशाण देईल का, हेही त्याला ठाऊक नव्हतं. बुटावरचा चुना वाळून पांढराफटक झाला होता. तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

दिवेलागणीला मैदानावर गॅलरीच्या भिंतीवर पडदा लावला होता. डावीकडे घाट तालीम, उजवीकडे चावडी तालीम, मधे पोलीस. शेठजी नवी टोपी घालून पुढच्या खुर्चीवर बसले होते. पलीकडच्या गोलमागे, नेहमीच्या जागी, वस्ताद.

सुयोगनं पहिलं चित्र लावलं. खांद्याला खांदा, एका रेषेत. डावी बाजू उसळली. हलगी कडाडली, फेटे हवेत गेले, "गोल! गोल!" शेठजींचं तोंड पडलं.

सुयोगनं दुसरं चित्र लावलं. रणधीर हातभर पुढे. आता उजवी बाजू उसळली. "ऑफसाइड! बघा, बघा डोळे उघडून!"

"खरं कुठलं ते सांग!" दोन्हीकडून एकदम ओरडा झाला.

"दोन्ही खरी आहेत," सुयोग माइकवर म्हणाला. "पहिल्यात चेंडूला पाय लागायचाय. दुसऱ्यात लागून गेलाय. निकाल देता येईल असं चित्र या दोन्हींच्या मधलं. जेव्हा पाय लागला, तेव्हाचं. ते आता दाखवतो."

मैदान चिडीचूप झालं. आणि पडद्यावर काहीच आलं नाही. नुसता पांढरा उजेड.

लोक वाट बघत राहिले. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, दिसत काय नाही!"

"मलाही नाही दिसत," सुयोग म्हणाला. "सकाळपासून बघतोय. कॅमेऱ्यानं ते घेतलेलंच नाही. कॅमेरा सांगेल तो निकाल अंतिम, हे वाक्य माझं होतं. ते चुकलं. कॅमेऱ्याला स्पष्ट दिसलं, तर तो सांगेल. इथे त्याला दिसलं नाही. इथे मी होतो. मला रणधीर पुढे दिसला. चेंडूचा आवाज मला हलगीत ऐकू आला नाही, तेही सांगतो. मी नजरेनं ठरवलं आणि निशाण वर केलं. ते बरोबर होतं हे मला सिद्ध करता येत नाही. निर्णय तोच राहील, पण तो कॅमेऱ्याचा नाही. माझा आहे. ज्याला भांडायचंय, त्यानं माझ्याशी भांडावं."

एक चप्पल भिरभिरत येऊन त्याच्या पायाशी पडली. शिट्ट्या सुरू झाल्या. शेठजी उठून चालू लागले. चावडीवाल्यांना चषक मिळाला खरा, पण नाचायचं की नाही हे त्यांना कळेना. घाट तालमीची पोरं पोलिसांच्या अंगावर रेटा देऊ लागली, आणि त्या रेट्यातून रणधीर बाहेर आला. सरळ सुयोगसमोर येऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता हात उठणार.

"तुला मी पुढं दिसलो?" रणधीरनं विचारलं.

"हो."

"मला मी मागं वाटलो."

"असशीलही."

रणधीरचे डोळे भरून आले होते. रागानं की कशानं, त्यालाही सांगता आलं नसतं. "दुसरं चित्र तेवढं दाखवून मोकळा झाला असतास," तो म्हणाला. "आम्हाला काय कळणार होतं?"

सुयोगनं माइक खाली ठेवला.

"मी तुला माफ बिफ केलेलं नाही," रणधीर म्हणाला. "माझा गोल होता तो. मरेपर्यंत म्हणीन." मग त्याची नजर खाली गेली. "बुटाला काय झालं?"

"चुना."

रणधीरनं मान हलवली, जणू पंचाच्या बुटाला चुना असणं साहजिकच होतं. त्यानं चप्पल उचलली आणि ती कुणाची आहे हे बघत मागे वळला. दोन पावलं गेला आणि थांबला. "पुढच्या सामन्याला लाइनीवर तूच?"

"ठेवलं तर."

"ठेवतील. शिव्या द्यायला कुणीतरी लागतंयच की." आणि जाता जाता, पाठमोराच, म्हणाला, "हलगीवाल्यांचं मी बघतो."

पुढच्या हंगामातला पहिलाच सामना. कॅमेरे छतावर होते, फलकही होता, आणि नियमावलीतलं वाक्य बदललेलं होतं. सुयोग निशाण घेऊन रेषेवर उभा होता. पाठीमागे घाट तालमीची हलगी जोरात होती. मग मध्यात एका खेळाडूनं लांब चेंडू मारायला पाय मागे घेतला, रणधीर बचावफळीच्या खांद्याशी धावायच्या तयारीत वाकला, आणि पाठीमागची हलगी एकाएकी थांबली. एवढ्या मोठ्या मैदानात इतकी शांतता सुयोगनं कधी अनुभवली नव्हती. पलीकडच्या गोलमागे बसलेल्या वस्तादांनी मान वर केली.

सुयोगची नजर रेषेवर होती. त्याला 'थड' असा आवाज ऐकू आला. त्यानं निशाण खालीच ठेवलं.